घोडा मागे घ्या

आमच्या घरात कोणी घाईने, चुकीचं किंवा दुसऱ्याला लागेल असं बोललं, की समोरचा म्हणतो, "घोडा मागे घे." मग बोलणाऱ्याने थांबायचं, श्वास घ्यायचा आणि तेच पुन्हा नीट बोलायचं. फ्रिस्कोच्या आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना हे काय प्रकरण आहे ते कळत नाही. टेक्सासमध्ये राहता म्हणून घोडे पाळलेत की काय, असं शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंही होतं. माझा नवरा पुण्याचा. लग्नानंतर त्याला हे वाक्य विचित्र वाटायचं. आता तो ऑफिसच्या कॉलवरसुद्धा चुकून म्हणून जातो. मुलगी रेवा इथेच जन्मली. तिचं मराठी आमच्यापुरतं आणि तेही अर्धंमुर्धं. पण हे एक वाक्य ती अगदी स्वच्छ म्हणते.

वाक्य आमच्या इंग्रजीच्या सरांचं. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान गावात, पत्र्याच्या शाळेत, ते आम्हाला पाचवीपासून दहावीपर्यंत शिकवायला होते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आज मी जे दोन घास सन्मानाने खाते आहे त्यात सरांचा वाटा आहे, हे मी कुठेही, कोणासमोरही सांगते. मात्र तो वाटा नेमका कुठला, हे मला या वसंतातच कळलं, आणि म्हणून हे लिहायला बसले.

सर रोज सायकल घेऊन शाळेत येत, पण त्यांना सायकलवर बसलेलं गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. ते सायकलच्या शेजारून, हँडलवर एक हात ठेवून चालत. चढ असो, उतार असो, पाऊस असो. वाटेत कोणी विचारलं, "सर, बसत का नाही?" तर म्हणायचे, "आज दमलीय ती." हे उत्तर त्यांनी वर्षानुवर्षं दिलं. विचारणाऱ्यालाच शेवटी सायकलची दया येऊ लागे.

शाळेतल्या सगळ्या मुलांना ते अहो-जाहो करत. पाचवीच्या शेंबड्या पोरालाही "या, बसा, काय विसरलात आज?" असं. हेडमास्तर मात्र त्यांचे बालमित्र, त्यांना अरे-तुरे. मुलांना ते आडनावाने कधी हाक मारत नसत. आडनाव ऐकलं की लोक माणसाचं ऐकायचं थांबतात, असं त्यांचं म्हणणं. ते घरातल्या कामाने हाक मारायचे. पोस्टमनच्या मुलाला "अहो टपाल", तलाठ्याच्या मुलाला "अहो सातबारा", कासारांच्या मुलीला "अहो बांगड्या". माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती, म्हणून मी "अहो गिरणी". मला ते आवडायचं. बाकी जगात मी अमक्याची तमकी होते. सरांच्या वर्गात मी एक अख्खी गिरणी होते.

वहीवर ते गुण देत नसत. लाल शाईत घोड्याची चाल लिहीत. निबंध सुमार असेल तर "चाल". बरा असेल तर "दुडकी". फार चांगला असेल तर "चौखूर". माझ्या एका निबंधाखाली त्यांनी लिहिलं होतं, "दुडकी. पण लगाम कोणी धरलाय?" मी तो निबंध मोठ्या भावाच्या वहीतून उतरवला होता. सर त्यावर पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत, आणि मीही पुन्हा कोणाची वही उघडली नाही.

हे सगळं घोड्याचं खूळ आलं एका सिनेमातून. दुबईहून आलेल्या कोणा नातेवाइकाने सरांना एक व्हिडिओ कॅसेट दिली होती. तिच्यावरचा कागद केव्हाच निघून गेलेला, त्यामुळे सिनेमाचं नाव काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सर त्याला "घोडीचा सिनेमा" म्हणत. अमेरिकेत कुठेतरी एका कुरणावर राहणारी मुलगी, तिचा अबोल बाप, आणि बाजारात कोणी घेत नाही म्हणून घरी आणलेली एक लंगडी घोडी. मुलगी त्या घोडीला चालती करते, पळती करते, आणि शेवटी जत्रेतल्या मोठ्या शर्यतीत उतरवते. साधी गोष्ट. सरांनी त्यातल्या सगळ्यांना आमच्याकडची नावं दिली होती. मुलगी मंजुळा, बाप आबा, घोडी चंद्री.

शाळेला एका पतसंस्थेने टीव्ही दिला होता. व्हीसीआर सरांचा स्वतःचा. तो गोधडीत गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून, ते त्या दमलेल्या सायकलशेजारून चालत येत. इंग्रजीच्या तासाला आम्ही सिनेमा लावायचो. एक वाक्य झालं की सर हात वर करत आणि बटणापाशी बसलेल्या मुलाला सांगत, "घोडा मागे घ्या." चित्रं उलटी पळत, चंद्री पाठमोरी चालत तबेल्यात जाई, आणि तेच वाक्य पुन्हा. आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो. कोणाचा उच्चार चुकला, की परत घोडा मागे.

हळूहळू ते वाक्य टीव्हीबाहेर आलं. न विचारता वर्गात शिरलेल्या मुलाला "घोडा मागे घ्या" म्हटलं, की त्याने पुन्हा दाराबाहेर जाऊन, विचारून आत यायचं. भांडणात शिवी दिली, घोडा मागे. एकदा तपासणीला आलेले साहेब थेट वर्गात घुसले. सरांनी त्यांनाही तितक्याच शांतपणे सांगितलं. साहेब गोंधळले, आमच्याकडे पाहिलं, बाहेर गेले आणि "आत येऊ का?" असं विचारून आत आले. हेडमास्तर त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना आमच्यासमोरच विचारलं की अभ्यासक्रमात घोडा कुठे आहे ते दाखव.

सर म्हणाले, "अरे, तू तरी अभ्यासक्रमात कुठे होतास? तरी हेडमास्तर झालासच ना."

तास चाळीस मिनिटांचा, वीज बेभरवशाची आणि सर एकेका वाक्यावर घोडा मागे घेणारे. त्यामुळे सहा वर्षांत आमचा इंग्रजी सिनेमा तबेल्याच्या पुढे सरकलाच नाही. आम्ही जे इंग्रजी शिकलो ते सगळं घोडीला चुचकारण्याचं. शांत हो, पाय उचल, सावकाश, घाबरू नकोस, कोणी मारणार नाही तुला. हे इंग्रजी आमच्या तोंडात इतकं पक्कं बसलं, की त्याचा परिणाम पुढे मी अमेरिकेत आल्यावर दिसला.

डॅलसजवळच्या माझ्या पहिल्या प्रोजेक्टवर एक ग्राहक कॉलवर भडकला होता. आमची सिस्टीम सकाळपासून बंद होती आणि तो एकेकाला फाडून खात होता. माझ्यावर पाळी आली. घाबरल्यावर माणूस लहानपणीची भाषा बोलतो, तशी मी बोलले, "इझी नाऊ, इझी. नोबडीज गोइंग टू हर्ट यू." मग तो माणूस हसू लागला आणि पुढची चर्चा सरळ झाली. शेजारच्या टेबलावरचा एक वयस्क टेक्सन सहकारी नंतर माझ्यापाशी आला आणि मी कुठल्या रँचवर वाढले, असं अगदी मनापासून विचारू लागला. मी म्हटलं, बुलढाणा. त्याला ते ओक्लाहोमात असावं असं वाटलं.

त्या दिवाळीला सरांना फोन केला तेव्हा हा प्रसंग सांगितला. ते हसले नाहीत. एवढंच विचारलं, "शांत झाला ना तो?"

झाला, म्हटलं.

"मग बरोबर शिकलात."

पूर्ण सिनेमा वर्षातून एकदाच दाखवला जाई, पालकसभेला. एरवी पालकसभेला कोणी फिरकत नसे. सरांनी युक्ती काढली की सभा झाली की शाळेच्या व्हरांड्यात सिनेमा. मग गाव लोटायचं. तेव्हा सर टीव्हीजवळ खुर्ची घेऊन बसत, हातात गणपतीच्या मंडळाचा माइक घेत आणि म्हणत, "आवाज बंद." टीव्ही मुका व्हायचा आणि सर बोलू लागायचे. मंजुळा तेच, आबा तेच, शर्यतीचा पंच तेच, चंद्रीचं फुरफुरणंही तेच. त्या गोऱ्या माणसांच्या ओठांची हालचाल संपली तरी कधीकधी सरांचं वाक्य चालूच असे. कोणाला त्याचं काही वाटत नसे.

मध्येच वीज जायची. पडदा काळा. सर थांबत नसत. माइक बाजूला ठेवून, आवाज चढवून, अंधारात गोष्ट पुढे नेत. मला चंद्री पूर आलेली नदी ओलांडते तो प्रसंग आजही डोळ्यांसमोर दिसतो. पाणी तिच्या मानेपर्यंत, मंजुळा तिच्या आयाळीला धरून, पलीकडच्या काठावर आबांचा कंदील. तो प्रसंग सिनेमात नाहीच, हे मला यंदा कळलं. सिनेमात नदीच नाही. वीज परत येईपर्यंत वेळ काढायचा होता म्हणून सरांनी मध्ये एक नदी घातली, आणि ती आमच्या डोक्यात इतकी वर्षं वाहते आहे.

मी दहावीत होते त्या वर्षीची पालकसभा मला सर्वांत जास्त आठवते. पुढे शिकायचं तर अकोल्याला, होस्टेलवर राहून. आमच्या घरातून मुलगी तर सोडाच, मुलगाही शिकायला बाहेर गेलेला नव्हता. बाबा कमी बोलणारे. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेलं, त्यामुळे बोलणं म्हणजे ओरडणं, आणि ओरडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मी आईकडून विचारून पाहिलं. आई म्हणाली, ते ऐकतात आणि पट्टा बसवायला निघून जातात. आत्या म्हणायच्या, पोरीला एकटीला परगावी कोण ठेवतं. मला वाटायचं, माझं झालं ते एवढंच. मीही गिरणीवर बसून पायल्या मोजणार.

त्या संध्याकाळी बाबा पालकसभेला आले. केसांत, भुवयांत पीठ तसंच. मागच्या रांगेत उभे राहिले. सिनेमा अर्ध्यावर आला. मंजुळेला शर्यतीसाठी दूरच्या शहरात जायचं आहे, आबा तिला सोडायला तयार नाहीत. संध्याकाळची वेळ, कुरणाच्या फाटकापाशी बाप आणि मुलगी. बाप आभाळाकडे पाहतो, मग मुलीकडे, आणि काहीतरी म्हणतो. सरांनी माइक तोंडाजवळ घेतला. आवाज हळू केला.

"तू जा. भीती माझी आहे. माझ्या भीतीसाठी तू थांबायचं नाही."

मी मागे वळून बाबांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

घरी जाताना बाबा पुढे, मी मागे. अर्ध्या रस्त्यात ते न वळता म्हणाले, "होस्टेलवर आपलं कुलूप आपल्यालेच न्या लागते म्हणे. उद्या घेऊन येतो."

एवढंच. जा म्हणून ते कधी म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पितळी कुलूप आणलं. जूनमध्ये मी अकोल्याला गेले. मग इंजिनिअरिंग, मग पुणे, मग इथे. एका परदेशी सिनेमातल्या एका वाक्याने माझ्या बापाचं मन वळवलं आणि माझं आयुष्य बदललं, असं मी तेव्हापासून मानत आले. ही गोष्ट मी लग्नानंतर नवऱ्याला सांगितली, इथल्या मराठी मंडळात भाषणात सांगितली, आणि रेवाला तर तिला समजायला लागल्यापासून सांगत आले. बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्याशी त्याबद्दल बोलणं कधी झालं नाही. त्यांच्याशी कशाबद्दलच फारसं बोलणं झालं नाही.

यंदा रेवाची शाळा संपते आहे. आमच्या ओळखीतल्या सगळ्या मुलांनी कॉम्प्युटर नाहीतर मेडिकल धरलं आणि बहुतेक जण घरापासून गाडीने जाता येईल अशा कॉलेजात चालले. रेवाला जंगलं आणि नद्या शिकायच्या आहेत. तिला माँटानातल्या एका कॉलेजने घेतलं. तिथे दोन विमानं बदलून जावं लागतं आणि वर्षातला निम्मा काळ बर्फ. घराजवळच्या कॉलेजातही तिला जागा मिळाली होती. कुठे जाणार ते रविवारपर्यंत कळवायचं होतं. नवरा म्हणाला, तुम्ही दोघी ठरवा, मला दोन्ही चालेल. म्हणजे प्रश्न माझ्यापाशी येऊन थांबला.

मी नाही म्हटलं नाही. मी काय बोलत होते ते रेवानेच एकदा जेवताना सांगितलं. "आई, एव्हरी टाइम आय से माँटाना, यू से टायर्स." खरं होतं. तिने माँटाना म्हटलं की मी म्हणायचे, तिथे बर्फाचे टायर लागतात, ते कधी बदलायचे, कोण बदलणार, तुला जॅक लावता येतो का. ती मला विचारत होती, जाऊ का. मी तिला टायर सांगत होते. तिने तीन-चारदा विचारलं, मग विचारायचं सोडलं, आणि ते मला जास्त जड गेलं. ती दार लावून बसू लागली. मी नुसती हो म्हणाले असते तर ती गेली असती. पण तिला तेवढं नको होतं. मी मनापासून पाठवते आहे की नाही, हे तिला ऐकायचं होतं. न ऐकताच तिने घराजवळच्या कॉलेजला हो कळवलं असतं, इतकं मला तिच्या तोंडावरून दिसत होतं.

शनिवारी सकाळी मला वाटलं, सिनेमा दाखवावा. नाव ठाऊक नसल्याने तो कधी सापडला नव्हता. या वेळी मी लंगडी घोडी, कुरण, मुलगी, शर्यत असं सगळं लिहून शोधलं आणि तो एका जुन्या सिनेमांच्या संकेतस्थळावर निघाला. मंजुळा पडद्यावर आली तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की नवरा गॅरेजमधून धावत आला. तबेल्याची वाक्यं मी सगळी पात्रांच्या आधी म्हणत होते. रेवा हसत होती, कितीतरी दिवसांनी. "ओह माय गॉड आई, तू खरंच अशीच बोलतेस."

नदी आली नाही. मला चुकल्यासारखं झालं, पण वाटलं, आपलं लक्ष नसेल. मग फाटकाचा प्रसंग आला. मी रेवाचा हात धरला आणि म्हटलं, आता ऐक, हेच ते. बापाने आभाळाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, पाऊस येणारसं दिसतंय, घोडीला आत घे.

बस. पाऊस आला आणि पुढचा प्रसंग सुरू झाला. मंजुळा शहरात पोहोचलेली.

मी मागे घेतलं, पुन्हा लावलं. पाऊस, घोडी, आत. तिसऱ्यांदा लावलं. रेवा माझ्याकडे बघून म्हणाली, "सो, व्हेअर इज द लाइन?" तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. तिलाही माझ्याइतकंच काहीतरी हरवल्यासारखं वाटलं असावं. हे वाक्य ऐकतच ती मोठी झाली होती.

मी तिथेच बसून सरांना फोन लावला. भारतात रात्रीच्या जेवणाआधीची वेळ. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, आणि व्हिडिओ कॉलवर ते फोन असा धरतात की आम्हाला नेहमी त्यांच्या घरचा पंखा दिसतो.

"बोला, गिरणी," पंखा म्हणाला.

मी सांगितलं की घोडीचा सिनेमा सापडला. त्यांना आनंद झाला. चंद्री तशीच आहे का, विचारलं. मी म्हटलं, सर, त्यात नदी नाही.

"नाही. वीज गेली होती."

मग मी फाटकाचं विचारलं. ते वाक्य सिनेमात नाही, त्या बापाने फक्त पावसाचं म्हटलं आहे, हे सांगितलं. ते तुम्ही मनाचं घातलं होतं का?

पंखा फिरत होता. मग सर म्हणाले, "मनाचंच होतं. पण माझ्या मनाचं नव्हतं. तुमच्या वडिलांचं होतं ते."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या पालकसभेच्या आदल्या दिवशी बाबा शाळेत आले होते. पिठाने माखलेले, चपला दाराबाहेर काढून. होस्टेलची बाई कशी आहे, फाटक किती वाजता बंद करतात, पाणी आत आहे की बाहेरून आणावं लागतं, सगळं विचारलं. पाठवायचं त्यांचं ठरलेलं होतं. सर म्हणाले, मग हे मुलीला सांगा, ती वाळत चालली आहे. तर बाबा मान खाली घालून उभे राहिले.

"काय म्हणाले ते, सांगू?" सर म्हणाले आणि फोन त्यांनी बहुतेक तोंडाजवळ घेतला, कारण आवाज एकदम मोठा झाला. "म्हणाले, 'मास्तर, मले नाही बोलता येत. भेव तिले नाही, मले वाटते. माह्या भेवापायी पोरगी थांबली नाही पाहिजे. तुम्ही सिनेमात साऱ्याइचं बोलता, एवढं माहं बोला.'"

म्हणजे बाबा मागच्या रांगेत उभे राहून स्वतःचंच वाक्य ऐकत होते. मी वळून पाहिलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते यासाठी. सिनेमाने त्यांचं मन वळवलेलं नव्हतं. त्यांनीच सिनेमाच्या तोंडात आपलं मन घातलं होतं.

मी विचारलं, सर, इतकी वर्षं सांगितलं का नाही?

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि तुम्हाला पोहोचलं होतं की. कोणाचं आहे ते माहीत नव्हतं, एवढंच." मग म्हणाले, "त्या सिनेमातल्या बापाचंही तेच आहे हो. पाऊस येतोय म्हणाला म्हणजे काय पावसाचं म्हणाला?"

मला टायर आठवले. पितळी कुलूपही.

फोन ठेवण्याआधी मला एक जुनी शंका विचारायची होती. सिनेमात घोडी होती, मग तुम्ही "घोडा मागे घ्या" का म्हणायचात? सर पहिल्यांदा हसले. म्हणाले, आयुष्यात एकदाच घोड्यावर बसलो, स्वतःच्या वरातीत. बँड वाजायला लागला तशी घोड्याने पावलं उलटी टाकली आणि नवरदेवाला थेट पुन्हा घरी आणून सोडलं. वरात दुसऱ्यांदा काढावी लागली. "तेव्हा कळलं," सर म्हणाले, "दुसऱ्यांदा निघालेली वरात जास्त चांगली निघते."

म्हणून ते सायकलवर बसत नव्हते का, हे मात्र मी विचारलं नाही. ती दमलेली असणार.

रेवा सगळा वेळ शेजारी बसून ऐकत होती. आजोबांचं वऱ्हाडी तिला कितपत कळलं, मला ठाऊक नाही. तिने विचारलं, "सो आजोबा सेड इट?" मी मान हलवली. तिने रिमोट उचलून फाटकाच्या प्रसंगावर नेऊन ठेवला आणि माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "आवाज बंद," आणि केला.

चित्र सुरू झालं. बाप आभाळाकडे बघू लागला. व्हरांडाभर लोकांसमोर हे करणाऱ्या माणसाचं कौतुक मला तेव्हा वाटलं, तितकं कधी वाटलं नव्हतं. मी बोलू लागले, "रेवा, हे बघ, यू शुड गो, आय मीन तिथलं कॉलेज चांगलंच आहे, फक्त बर्फात गाडीचं आपण आधीच काहीतरी..."

रेवाने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला.

"आई," ती म्हणाली, "घोडा मागे घे."

चित्रं उलटी पळाली. घोडी पाठमोरी चालत फाटकातून बाहेर आली, मुलगी मागे सरकली, बापाची नजर पुन्हा आभाळाकडे गेली. रेवा पडद्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी श्वास घेतला.

"तू जा," मी म्हटलं. "भीती माझी आहे. माझ्या भीतीसाठी तू थांबायचं नाही."

त्या बापाचे ओठ केव्हाच मिटले होते, माझं वाक्य त्याच्या पुढे गेलं होतं. पडद्यावर पाऊस सुरू झाला. रेवाने रिमोट खाली ठेवला. या वेळी तिने घोडा मागे घेतला नाही.